चोवीसशे कप्प्यांची रेघ

वायरताईने आपल्या मामाचं हृदय कॉम्प्युटरला जोडलंय आणि त्याचं आता काही खरं नाही, असं समोरच्या काकूंनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या खिडकीतून पाहिलं होतं: पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होतेय, मामा छातीवर हात ठेवून शेजारी बसलाय आणि भाची पापणीही न हलवता बघतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण केळी घेऊन मामाला भेटायलाही गेले. मामाने आधी केळी ठेवून घेतली आणि मग खुलासा केला. छातीवरचा हात जळजळीमुळे होता आणि रेघ पंपाची होती.

आता, मामाच्या बाबतीत पंप आणि हृदय यांत किती फरक करायचा, हा प्रश्नच आहे. टेकडीवरच्या घरांना पाणी चढवणाऱ्या त्या पंपावर त्याची बत्तीस वर्षं गेली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. आणि नेमक्या याच वेळी तक्रारी सुरू झाल्या: रोज अकराच्या सुमारास वरच्या मजल्यांचे नळ खोकतात. ऑपरेटर डुलक्या काढतो, असं म्हणायला कुणाला पुरावा लागतो? साहेब म्हणाले, "मामांना पंपावरून काढून फाटकावर बसवू. चार महिने खुर्चीत आराम करतील." मामा त्या दिवशी घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला.

वायरताई त्याच पंपघरात मोजमापाची यंत्रं सांभाळते. तिच्या नावामागे एवढंच आहे की ती प्रोग्राम लिहीत नाही, काढते. पडद्यावर चौकोनी खोकी मांडायची, एका खोक्यातून वायर ओढून दुसऱ्यात खुपसायची, की झाला प्रोग्राम. या कामात ती इतकी बुडालेली असते की भाजी चिरतानाही तिला सुरीपासून पातेल्यापर्यंत एक बारीक नारिंगी वायर गेलेली दिसते. हाक मारली तर ती ओ देते, पण चार खोकी ओलांडून आल्यासारखी, उशिराने.

"मी पाण्याचा दाब पडद्यावर आणते," ती साहेबांना म्हणाली. "सेकंदाला चार वेळा मोजीन. कोण झोपतं ते सगळ्यांनाच दिसेल."

दिसलं. पंपघरात हिरवी रेघ सरकू लागली. उजव्या काठावर 'आत्ता' जन्माला यायचा आणि हळूहळू डावीकडे वाहत जायचा. तिला वाटायचं, आपण एखाद्या नदीकाठी बसलोय आणि पाण्यावरून क्षण चाललेत, एकामागून एक, मुकाट. एकही क्षण टाकून द्यावा असं तिला वाटेना. म्हणून आलेला प्रत्येक आकडा तिने जुन्यांच्या रांगेत जोडला आणि दर वेळी ती अख्खी रांग पुन्हा रेखाटायची, असं ठरवलं.

तिथेच ती फसली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रांग लाखाच्या पुढे गेली. नवा आकडा येई, पण कॉम्प्युटर अजून जुन्यांची हजेरीच घेत असे. नवे आकडे बिचारे दाराबाहेर ताटकळत उभे.

अकरा वाजून आठ मिनिटांनी साहेब आले. त्यांच्यासमोरच रेघ धाडकन खाली गेली. त्यांनी मान वळवली. मामा स्टुलावर पाय सोडून चहा पीत होता.

"बघितलंत, मामा? इकडे दाब पडतोय आणि तुमचं काय चाललंय?"

मामाने कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या जुन्या दाबमापकाच्या काट्याकडे बोट केलं. "साहेब, काटा तर आत्ता हललेला नाही."

"काटा जुना झालाय, मामा. फाटकाचं पत्र उद्या तयार होईल."

वायरताईने काट्याकडे पाहिलं, मग रेघेकडे, मग मामाकडे. आपणच काढलेल्या रेघेने आपल्या मामाचा गळा आवळला होता. रेघ खोटी नव्हती. ती आठ मिनिटं शिळी होती; अकराला पडलेला दाब ती आत्ता दाखवत होती.

संध्याकाळी घरी ती लॅपटॉप उघडून बसली. खोट्या आकड्यांची एक लाट सोडायची आणि रेघ कुठे अडखळते ते बघायचं, हे चालू होतं. (काकूंना खिडकीतून दिसलं ते हेच.) पलीकडे आई आपली औषधांची गोल डबी भरत होती. सात कप्पे, सात वार.

"आई, डबी एवढीशी, आणि औषधं तर वर्षभर चालू. पुरते कशी?"

"पुरते म्हणजे? सोमवारचा कप्पा रिकामा झाला की त्यातच पुढच्या सोमवारची गोळी. दर सोमवारी नवा कप्पा जोडत बसले तर डबी दाराबाहेर जाईल की गं!"

"अक्का, ती ऐकत नाहीये," मामा म्हणाला.

ती ऐकतच होती. तिच्या डोळ्यांसमोर डबी हळूहळू फिरायला लागली होती. कप्पे सात नव्हते, चोवीसशे होते. बरोबर दहा मिनिटांचे. एक काटा कप्प्याकप्प्यावरून पुढे सरकतोय, नवा आकडा ठेवतोय, तिथला जुना अलगद उचलून सोडून देतोय. डबी तेवढीच, आणि पाणी वाहतंच आहे. तिच्या धंद्यात अशा डबीला बफर म्हणतात. हे तिला शिकवलेलं होतं, पण समजलं ते त्या संध्याकाळी.

सकाळी तिने जुनी खोकी पुसली आणि वायरी नव्याने ओढल्या. चित्र काढताना सुरुवात सगळ्यात जुन्या कप्प्यापासून, हे ती आधी विसरली आणि रेघेच्या मध्येच एक कडा उभा राहिला. तोही तिने दुरुस्त केला. मग साहेबांना हात जोडून म्हणाली, "पत्र द्या, पण अकराला पाच मिनिटं इथे उभे राहून द्या."

अकराच्या ठोक्याला रेघ कोसळली, आणि भिंतीवरचा काटाही तिच्याबरोबरच. मामा व्हॉल्व्हच्या चाकावर दोन्ही हातांनी लोंबकळत होता, घामाघूम. दोन मिनिटांत त्याने दाब वर आणला, हात पुसले आणि स्टुलाकडे वळला. चहाची वेळ झाली होती.

"अकरालाच का पडतो पण?" साहेबांनी विचारलं.

"फिल्टर धुवायचा व्हॉल्व्ह अकराला आपोआप उघडतो आणि पाणी तिकडे पळतं," मामा म्हणाला. "ती वेळ तुम्हीच लावलीय, गेल्या महिन्यात. मी दोनदा सांगितलं होतं."

साहेबांनी फिल्टरची वेळ दुपारी तीनची केली आणि पत्राचा विषय पुन्हा काढला नाही. मामा पंपावर राहिला.

काकूंना ही हकिगत कळली, पण पटली नाही. परवा जिन्यात त्यांनी वायरताईला गाठलंच.

"ते सगळं ठीक आहे गं. पण मामा आधी कधीतरी डुलक्या काढतच असणार ना?"

वायरताई दोन पायऱ्या वर चढली, थांबली आणि मागे वळून म्हणाली, "काकू, माझी रेघ दहा मिनिटांपूर्वीचं सोडून देते, म्हणून तिला आत्ताचं खरं दिसतं. तुम्हीही एकदा डबी रिकामी करून बघा."