मोडीतलं इंजिन आणि आमची आत्या

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गाडीचं इंधन वाचवायला गेलं की माणसाचा घसा जातो. माझ्या जुन्या मोटारीत मी मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. लिटरमागं ती दुप्पट पळू लागली, पण गाडीत शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. वैतागून मेस्त्रीकडं नेली, तर तो म्हणाला, "आवाज नको वाटला की बंद करत जावा, अण्णा."

बेकार धाकट्या भावासाठी आम्ही खजुरीला मुलगी बघायला गेलो. आधीची स्थळं हातची गेली होती, हे तरी जमावं म्हणून सगळेच धास्तावलेले. मुलीकडची मंडळी दारात उभी होती. मी इंजिन बंद केलं आणि त्याच क्षणी मागच्या सीटवरून आत्या गाडीतल्या सवयीनं ओरडली, "अण्णा, पोरगं कुठं नोकरी करायलाय म्हणून सांगायचं ठरलंय?"