नमुन्याचं संत्रं

एका संत्र्याला चार रंग असू शकतात, हे मी चारशे लग्नपत्रिका छापून सिद्ध केलेलं आहे.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. सौंसरच्या बाजारात बाबांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायाने चालवायची एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांची दोन कपाटं आणि शाईचे डबे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाबा रंग जुळवायचे ते अंगठ्याने. पिवळ्या शाईत थोडी लाल घालायची, काचेवर सुरीने घोटायची, अंगठा कागदावर दाबायचा आणि "जमला" म्हणायचं. गिऱ्हाईकही "जमला" म्हणून चहा पिऊन जायचं. मग मी नागपूरहून छपाईचा सहा महिन्यांचा कोर्स करून आलो आणि घरातलं सुख संपलं.

"रंग डोळ्यांवर सोडायचा नाही, बाबा," मी म्हणायचो. "समोर नमुना ठेवायचा. डोळा फसवतो, नमुना कधीच फसवत नाही." (कोर्सहून आल्यावर काही दिवस मी असा शुद्ध बोलत असे. पुढे तेही सुटलं.)

"तीस वर्सं झाले, मी अंगठ्यानं करून राहिलो," बाबा म्हणायचे. "कोनाचा जीव गेला का?"

तेवढ्यात माझ्या मोठ्या बहिणीचं, शोभाताईचं, लग्न पांढुर्ण्यात ठरलं. तिचे होणारे सासरे नथ्थूजी संत्र्यांचे बागाईतदार. रंगाच्या बाबतीत माणूस भलताच कडक. मुलगी बघायला आले तेव्हा ताईपेक्षा जास्त वेळ त्यांनी चहाच्या बशीकडे बघितलं, कारण बशी कपापेक्षा किंचित फिकट होती.

घरचाच छापखाना म्हणून दोन्हीकडच्या पत्रिका आम्हीच छापायच्या असं ठरलं. नथ्थूजींनी मला पांढुर्ण्याला बोलावून घेतलं, बागेत फिरून फिरून एक संत्रं तोडलं, स्वतःच्या रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"पत्रिकेची वेलबुट्टी या रंगाची पाहिजे. हा माह्या बगिच्याचा रंग आहे. हिरवट नको, पिवळट नको. जमत नसन त आताच सांग, मी नागपुरात छापून घेतो."

मुलीचा बाप छापखानावाला आणि पत्रिका नागपूरच्या, म्हणजे सौंसरात बाबांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी छाती काढून म्हणालो, "काकाजी, नमुना आहे ना? मग काळजीच सोडा."

येताना बस रस्त्यात बंद पडली. दुपारी पोहोचायचा तो मी दिवस मावळताना पोहोचलो. ताई दारातच उभी होती.

"आणला का संत्रा?"

"आणला."

"परभ्या, मले तिथी जनमभर राहाचं आहे. रंग चुकला त तू इथी मजेत राहशीन, टोमणे मी ऐकीन."

ताई एरवी माझ्याशी बोलायची ते पाठीत धपाटा घालून. त्या दिवशी तिने धपाटा घातला नाही, आणि मला खरोखरच भीती वाटली.

मी संत्रं खिडकीतल्या फळीवर उजेडात ठेवलं. शेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली: 'नमुना. हात लावू नये.' घरातल्या सगळ्यांना गोळा करून नमुन्याचं पावित्र्य या विषयावर भाषणही दिलं. आई कणीक मळता मळता ऐकत होती. ती ऐकत होती असं मला वाटलं.

मशीनवर इतर कामंही होती, म्हणून रोज शंभर पत्रिका छापायच्या ठरल्या. घोटलेल्या शाईवर दुसऱ्या दिवशी साय धरते, त्यामुळे रंग रोज नव्याने जुळवावा लागायचा. पहिल्या दिवशी झकास जमला. दुसऱ्या दिवशी संत्रं जरा पिवळं वाटलं. मी मनाशी म्हटलं, काल आपला डोळा फसला असेल. पिवळी शाई वाढवली.

तिसऱ्या दिवशी संत्रं हिरवं झालं!

मी निमूटपणे पिवळ्यात निळ्याचं बोट टाकलं. बाबा मशीन थांबवून फळीपाशी आले.

"काबे, पिकलं त फळ लाल होते. हे उलटं कायले चाललं? उद्या फूल होते का याचं?"

"प्रकाशाचा फरक आहे, बाबा. हे शास्त्र आहे."

"असन बा," म्हणून बाबा घाईघाईने मशीनकडे गेले. त्यांची ती घाई मला तेव्हाच खटकायला हवी होती. चौथ्या दिवशी संत्रं लालसर, टवटवीत आणि आदल्या दिवसापेक्षा चांगलं सुपारीभर मोठं झालेलं होतं. मी त्यालाही रंग जुळवला. नमुन्यापुढे आपण कोण?

संध्याकाळी गठ्ठे बांधायला सगळ्या पत्रिका सतरंजीवर मांडल्या. चार शेकडे, चार रंग. मग आई हळूच म्हणाली, "परवा सकाळीच पाहुणे आले होते, घरात देयाले काही नव्हतं. तुह्यावाला फोडला अन् बाजारातला आणून ठेवला. जागा काही रिकामी ठेवली नाही."

बाबांनी घसा साफ केला. "माहा उपास होता. मी तो खाल्ला, अन् शेजारच्या झाडाचा तोडून ठेवला. थोडा कच्चा होता."

"आणि आज सकाळी?"

ताई म्हणाली, "तो हिरवा संत्रा पाहून मले रडूच आलं. काल सासरहून टोपली आली ना, त्यातला चांगला पाहून मी ठेवला. हिरवा फेकून देला."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी मी जे बोललो ते आठवलं की आजही लाज वाटते. "नमुना काय खायची वस्तू आहे? या घरात कोणाला जबाबदारीची जाणीव आहे का?" बाबा मान खाली घालून उभे होते. आईने पदर तोंडाला लावला होता. (ती हसत होती हे नंतर कळलं.)

लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. नवा कागद मिळायला तेवढेच दिवस लागले असते. मग मी शक्कल लढवली: एका गावाला एकच रंग द्यायचा, म्हणजे ताडून बघणार कोण? पहिला शेकडा पांढुर्ण्याला, कारण तो एकटाच खऱ्या नमुन्याचा, असं मी सगळ्यांना सांगितलं. पिवळा बोरगावला, हिरवा लोधीखेड्याला, लालसर सौंसरात.

चार दिवसांनी लोधीखेड्याचे मामा पत्रिका फडकवत आले.

"बोरगाववालीले पिवळी, अन् आमाले हिरवी? आमी का कच्चे नातेवाईक आहो?"

बाबांना ऐन वेळी जे सुचलं ते ते बोलले. "अहो, हिरवी मानाची आहे! मामाच्या मानाची."

मामा फुगून गेले आणि जाताना वाटेवरच्या प्रत्येकाला मानाची पत्रिका दाखवत गेले. दुसऱ्या दिवशी बोरगावची आत्या आली. "सख्खी बहीन मी, अन् मान त्या मेव्हन्याले?" तिसऱ्या दिवशी सौंसरातली अर्धी आळी हिरवी पत्रिका मागायला दारात उभी राहिली. आणि चौथ्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसमधून नथ्थूजी उतरले.

त्यांनी चहा घेतला नाही. चारी रंगांच्या पत्रिका मागून घेतल्या आणि ओट्यावर उन्हात एका रांगेत मांडल्या. दाराआड ताई उभी होती, तिची फक्त बोटं चौकटीवर दिसत होती.

नथ्थूजींनी लालसर पत्रिका उचलली, जरा तिरपी धरली. "हा. हा माह्या बगिच्याचा रंग आहे." मग त्यांना पाठवलेली पत्रिका उचलली. "हा कोठचा?"

"काकाजी, हाच तर तुम्ही दिलेल्या संत्र्याचा," मी म्हणालो.

"पोरा, त्या झाडाले मी लहानाचं मोठं केलं. हा माहा संत्रा नाही."

आई बुचकळ्यात पडली. "पन पहिल्या दिवशी त कोनंच खाल्ला नव्हता."

दाराआडून ताईचा आवाज आला. "परभ्या, बस किती वेळ बंद होती रे?"

"तीन तास," मी म्हणालो.

"अन् भूक?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. संत्रं फार गोड होतं, एवढं मी कबूल केलं. सौंसरच्या स्टँडवर उतरल्यावर हुबेहूब तसंच एक विकत घेतलं होतं, हेही सांगितलं.

"हुबेहूब कशावरून?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदाच खुलला होता.

"नजरेनं," मी म्हणालो.

नथ्थूजींनी लालसर पत्रिका पुन्हा उचलली. मग विचारलं, "हा लाल जुळवला तो संत्रा ठेवला कोनं?" ताईने ठेवला म्हटल्यावर ते खुर्चीवर नीट टेकले आणि म्हणाले, "आना आता चहा." कप रिकामा झाल्यावर त्यांनी व्याह्याच्या नात्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "इवाई, पोरीची नजर पक्की आहे. लेक आमाले देली, हे बरं केलं. हा पोरगा तुमचा तुमच्याकडंच ठेवा."

लग्न नीट पार पडलं. पुढे बागेतला माल पेट्यांत भरण्याआधी ताईच्या नजरेखालून जाऊ लागला, आणि सासऱ्यांनी तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. मीही दर मोसमात पांढुर्ण्याला जातो. सगळ्या पाहुण्यांना निघताना पिशवीभर संत्री मिळतात. मला मात्र ताई ओट्यावर बसवते, सोललेल्या फोडी ताटलीत घालून समोर ठेवते आणि म्हणते, "इथीच खाऊन घे. बसचा काही भरोसा नाही."