विजयाताईंनी राखलेले हात

बातमी मला ऐकू आली नाही, दिसली. गेल्या आठवड्यात एका सकाळी सलमाचा व्हिडिओ कॉल आला. ती आमच्या मूकबधिर शाळेची जुनी विद्यार्थिनी, आता इंदूरच्या सियागंज बाजारात मसाल्याच्या दुकानात कामाला असते. तिनं खुणेनं 'विजयाताई' म्हटलं आणि पुढची खूण करण्याआधीच तिचे हात खाली गेले... मला कळलं, ताई गेल्या.

मी नाशिकहून इंदूरला या शाळेत शिकवायला आले, तेव्हा खुणांची भाषा मला विजयाताईंनीच शिकवली. महूच्या फौजी घरातल्या त्या. शिस्त कडक, हसणं मोकळं. माझी खूण चुकली की म्हणायच्या, "अगं, पाणी प्या सांगितलंस की पळा? देख, सगळी पोरं भागली!" पुढे शिकवताना त्यांचाच उजवा हात अडखळू लागला. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जागं ठेवून ऑपरेशन करू. ताईंनी एवढंच विचारलं, "हात राहतील ना? गाठ थोडी राहिली तरी चलेगा." राहिलेली गाठ पुन्हा वाढेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "वाढू दे. तोवर शिकवीन."

खुणा बरोबर होतात का, हे कळणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून हिरवा गाऊन घालून मी आत उभी राहिले. पडद्यापलीकडे डॉक्टर मेंदूच्या एकेका जागी विजेचा हलका प्रवाह देत होते. अलीकडे ताई मला खुणांनी गोष्ट सांगत होत्या. एका जागी बोटं आपोआप उडाली. दुसऱ्या जागी मात्र हात चालता चालता थांबले. लुळे पडले नाहीत, थरथरले नाहीत, नुसते थांबले... डोळे माझ्यावरच होते. प्रवाह बंद झाला आणि गोष्ट तिथूनच पुढे सुरू झाली.

"काय झालं, ताई?"

"सब समझत होतं ग. हात हलवायचेच होते मला. पण आतून कुणीतरी म्हटलं, रुक!"

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की मेंदूत हालचाल घडवणाऱ्या जागा असतात, तशी ती रोखणारी एक साखळीही असते. तिला धक्का लागला तर दोन्ही हातांचा मेळ बिघडू शकतो. गाठीचा थोडा भाग नेमका तिथे चिकटलेला होता. त्यांनी तो तसाच सोडला.

ताई शाळेत परतल्या. मुलांना त्यांनी ऐटीत सांगितलं, माझ्या डोक्यात ट्रॅफिक पोलीस आहे! त्यानंतर कितीतरी मुलं त्यांच्या हातांखाली बोलती झाली, सलमा त्यांतलीच. मग गाठ वाढली. शेवटच्या भेटीत मी न राहवून विचारलं, सगळी काढायला हवी होती का? उजवा हात तेव्हा चालत नव्हता. डाव्या हातानं त्यांनी खूण केली, "पागल." आणि हसल्या. एवढी वर्षं मिळाली, ती त्यांना फुकटची वाटत होती. मलाही आता तशीच वाटतात.

वर्गात शिरताना ताई दिवा बंद-चालू करायच्या. तीच त्यांची हाक. परवा मी तेच केलं. सगळ्या माना वळल्या. क्षणभर कुणीच हललं नाही... मग मी हात उचलले आणि शिकवायला सुरुवात केली.