मिठाचा शेक

“अहो, ही झोप नाही! उठवा तिला! ती पोटली आधी काढा, खालची पट्टीपण काढा!”

आमच्या काळेवाडीच्या खोलीच्या उंबऱ्यात एक अनोळखी बाई ओरडत होती. एका हातात लग्नपत्रिकांची पिशवी, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा. लेकीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला निघालेली, शेजारची इमारत समजून आमचा जिना चढली, आणि उघड्या दारातून तिला खाटेवरची माझी बायको दिसली. ही बाई सहा फुटांची होती असं मी पुढे चाकणला कंपनीत सगळ्यांना सांगितलं. प्रत्यक्षात ती माझ्या खांद्याला लागत होती. पण आवाजात मी काही वाढवलेलं नाही. फळीवरचे डबे थरथरले.

माझ्या गोष्टीतलं निम्मं वजा करूनच लोक ऐकतात. मी भट्टीवर काम करतो. आमच्या भट्टीवरून उडणारा कावळा भाजूनच खाली पडतो, असं लग्न नवीन असताना बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, “मीठमसाला लावून पडतो का?” अशी होती ती. तेव्हा हे लिहिताना एवढीच विनंती, यातलं काही वजा करू नका.

तिचा कर्करोग हाडांत उतरला होता. कूस बदलायची म्हटली तरी ती उशीत दात रोवायची. गोळ्या पोटात ठरेनात, म्हणून दवाखान्यातून पट्टी मिळाली. दंडावर चिकटवायची, औषध कातडीतून सावकाश आत जातं, तीन दिवसांनी नवी लावायची. अफूच्या जातीचं जालीम औषध, हे मला नंतर कळलं. सोबतचा कागद मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत होता. आम्हाला समजलं ते इतकंच, की दुखण्याची पट्टी आहे. आणि दुखण्याच्या पट्टीचं आमच्याकडे काय करतात हे कुणी शिकवावं लागत नाही. कंबर धरली की पट्टी लावायची आणि वरून शेक द्यायचा. लेकीच्या आजारपणासाठी सासूबाई बीडकडच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. त्या तव्यावर खडेमीठ भाजायच्या, फडक्यात बांधायच्या आणि पोटली नेमकी पट्टीवर दाबून धरायच्या. “ऊब लागल्याबिगर औषध मुरत न्हाई,” म्हणायच्या.

आणि खरंच मुरलं. बायकोला झोप लागायला लागली. मी देवीपुढे दुसरं काही मागितलंच नव्हतं. बरं कर म्हणायचं धाडस डॉक्टरांचा चेहरा पाहूनच संपलं होतं. फक्त हिला झोपू दे, एवढंच. मी देवीला नारळ फोडला आणि शेजाऱ्यांना पाच फोडले म्हणून सांगितलं. त्या दुपारी ती घोरत होती. घोरणं मध्येच थांबायचं, मग दुरून आल्यासारखा एक श्वास यायचा. ओठ जांभळट झाले होते. मी पायाशी बसून हात जोडून म्हणत होतो, आई, किती गाढ झोप दिलीस.

ती बाई आली नसती तर मी तसाच बसून राहिलो असतो.

तिने स्वतःच पट्टी सोलून काढली, बायकोचे गाल थापटले, मला रुग्णवाहिका बोलवायला लावली. तिचे वडील अशाच पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपले होते, ते उठलेच नाहीत. दवाखान्यात बायकोला त्या औषधावरचा उतारा दिला. डॉक्टर म्हणाले, उबेने औषध भसाभस आत गेलं, श्वासच बंद पडत होता. उताऱ्यासरशी शुद्ध आली आणि तिच्याबरोबर सगळं दुखणंही परत आलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “का उठवलंत?”



चार दिवसांनी त्याचं उत्तर तिनेच दिलं. हळू आवाजात म्हणाली, “बरं झालं उठवलंत. आईच्या हातून गेले असते तर ती कुठं गेली असती? तिला कळू देऊ नका. जन्मभर थापा मारल्यात, ही एक माझ्यासाठी मारा.”

मी मारली. सासूबाईंना कमी ऐकू येतं, आणि ओरडा झाला तेव्हा त्या गॅसपाशी दुसरं मीठ भाजत होत्या. आजार डोक्यात गेला म्हणून शुद्ध हरपली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. शेक का बंद केला, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र त्या अळणी जेवू लागल्या. लेकीसाठी नवस धरला असेल, असं मला वाटलं.

उन्हाळा सरायच्या आत बायको गेली. शुद्धीत, आईच्या मांडीवर.

त्या बाईला मी काळेवाडीतल्या मंगल कार्यालयांत जाऊन शोधलं. सापडली नाही. उंबऱ्यावर तिच्या हातून सांडलेलं कुंकू कितीतरी दिवस पुसलं नाही. ती कोण होती, यावर मी काही दावा करत नाही. मी देवीकडे झोप मागितली होती, तिने ओरडा पाठवला. काय द्यायचं ते तिला माझ्यापेक्षा कळत होतं, एवढं मानून मी मागणं सोडलं आहे. आता नुसते हात जोडतो. तुमच्या घरी अशी पट्टी असेल तर तिच्यावर शेक देऊ नका, आणि ती कशी वापरायची हे आपल्या भाषेत विचारून घ्या.

तेरावं झाल्यावर मेहुणा वकिलांना घरी घेऊन आला. पट्टीचं आणि उबेचं त्याने दवाखान्याच्या कागदांत वाचलं होतं. त्याचंही खरं होतं. पट्टीला ऊब लागू द्यायची नाही, हे मराठीत दोन शब्दांत कुणी सांगायला नको होतं का? वकील म्हणाले, दवाखान्यावर दावा उभा राहील, पण समोरचे पहिला प्रश्न विचारतील तो शेक देणाऱ्याला. “शेक कोण देत होतं?”

“मी,” मी म्हणालो. आणि रंगवून सांगू लागलो. भट्टीवरचा माणूस आहे, उबेची सवय, कंपनीतून येताना वीटच तापवून आणायचो, हाताला फोड आले तरी सोडायचो नाही. मेहुणा माझ्याकडे असा बघत होता, की वीट हाताशी असती तर त्याने मारली असती. सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“जावई खोटं बोलायलेत,” त्या म्हणाल्या. “शेक म्या दिला.”