जावईबापूंचे स्टेट

तक्रारदार: मी, धारच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जीनवीस. प्रतिपक्ष: माझे जावई, राहणार देवास, व्यवसाय संकेतस्थळे बांधणे. बाधित व्यक्ती: माझी मुलगी. साक्षीदार: विहीणबाई. तारीख: परवाचा रविवार. नावे मुद्दाम लिहिली नाहीत, कारण तंटाच नावाचा आहे.

आमच्यात लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहितात. त्यामुळे मुलीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, पुढचे सगळे कागद सासरच्या. देवासच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. अर्ज ऑनलाइन, आणि शाळेचे संकेतस्थळ जावईबापूंनीच बांधलेले. मुलीने सवयीने सासरचे नाव भरले. मग गुणपत्रिका आठवून पहिल्या पानावर माहेरचे केले. छापील प्रतीत वर एक नाव, खाली दुसरे! शाळेने अर्ज बाजूला ठेवला: येत्या शनिवारपर्यंत एकच नाव करून आणा, नाहीतर जागा दुसरीला.

मी बसने देवास गाठले. जावयाला खडसावण्याची आमच्या घरात रीत नाही. सबब इतकेच विचारले, "जावईबापू, हे असे कसे झाले?"

"बाबा, स्टेटचा लोचा आहे."

"स्टेट? संस्थाने तर केव्हाच विलीन झाली."

विहीणबाईंना हसू आवरेना. "अहो व्याही, ते नव्हे! संगणकातलं."

जावईबापू म्हणाले, "पानाला त्या घडीला जे ठाऊक असतं, ते स्टेट. मी प्रत्येक पानाला आपापलं ठेवू दिलं. पहिल्या पानानं नाव बदललं, बाकीच्यांना खबरच नाही."

"म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती," मी म्हणालो. जुन्या देवासात एका गावात दोन संस्थाने, दोन दरबार. देवासकरांना हे शिकवावे लागू नये. "मग उपाय?"

"सेंट्रल स्टोअर. सगळं स्टेट एकाच ठिकाणी. कुठल्या पानानं त्याला परस्पर हात लावायचा नाही. बदल हवा तर ॲक्शन पाठवायची, म्हणजे काय बदलायचं ते कळवायचं. ठरलेला नियम जुनं स्टेट आणि ॲक्शन बघून नवं स्टेट तयार करतो. मग सगळी पानं तिथूनच वाचतात."

माझा संताप इथे अनावर झाला. अर्जदाराने दप्तराला हात लावायचा नाही, अर्ज द्यायचा, नियमाप्रमाणे हुकूम होतो आणि सर्वांना तीच नोंद दिसते: या शिस्तीत माझी हयात गेली. "ठाऊक होते, तर केले का नाही?"

"छोटी साइट होती बाबा, दो-चार पेज. तेवढ्यासाठी कोण करतं? आता करतो. पण नाव कोणतं ठेवू?"

"आमचं. ताटात लिहिलंय," विहीणबाई.

"गुणपत्रिकेचे," मी.

स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली, "अहो, स्टोअर खुशाल बांधा. पण ॲक्शन मी पाठवायची, की तुम्ही तिघांनी?"

जावईबापूंनी मोबाईल काढून त्यात डोके घातले.

सबब जावईबापूंना विनंती की, शनिवारच्या आत संकेतस्थळाचे सर्व स्टेट एका ठिकाणी आणावे; नावबदलाची ॲक्शन केवळ माझ्या मुलीकडून स्वीकारावी; ती देईल त्या नावास माझी हरकत राहणार नाही. विहीणबाईंची संमती आपण मिळवावी. उत्तर लेखी द्यावे. फोनवरचे "हो बाबा, करतो" हे उत्तर समजले जाणार नाही.