गुरुवारची सुट्टी

धुकं अजून रस्त्यावरून हललं नव्हतं. रेडिओवाल्यानं शटर वर केलं, कालचा टीव्ही टेबलावर उताणा पाडला आणि ब्रशनं बोर्डावरची धूळ झाडायला घेतली. गल्लीतून रेडिओ कधीच हद्दपार झाले होते, पण नाव मात्र त्याला चिकटलं ते चिकटलंच.

संशय घेणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. बंद पडलेल्या यंत्रातला प्रत्येक पार्ट त्याच्या लेखी आरोपी. मीटर लावून निर्दोष ठरेपर्यंत कुणाची सुटका नाही. पण महिनाभर हा खटला घरातच उभा राहिला होता. आरोपी त्याची एकुलती एक लेक. परदेशात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

गुरुवारी या वेळेला तिचं प्रॅक्टिकल असायचं. फोन केला तर घंटा वाजून वाजून थकायची. आता चार गुरुवार झाले, पोरगी पहिल्या रिंगला उचलत होती. व्हिडिओत मागं तीच भिंत, तीच पलंगाची कड. "सुट्टी आहे बाबा." आणि केस मागं सारताना बोटं दिसायची, सोललेल्या भुईमुगासारखी साफ. सोल्डरिंग करणाऱ्या हाताला एक चटका नाही?

बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यानं पुन्हा तेच उगाळलं. "कॉलेज सोडलंय तिनं. लिहून देतो."

"शंकासुर कुठले! सोडलं असतं तर सांगितलं असतं तिनं."

"तू लग्नाआधी सांगितलं होतंस, स्वयंपाक येतो म्हणून."

"आणि तुमच्याकडच्यांनी सांगितलं होतं, मुलगा मितभाषी आहे."

आज गुरुवारच होता. चहा तसाच ठेवून त्यानं फोन लावला. पहिली रिंग.

"काय गं, आजही सुट्टी?"

"हो."

"बरं. तुझ्या कॉलेजातच फोन करून विचारतो. भाषा मोडकी असली तरी लेकीचं नाव सांगता येतं मला."

"नको बाबा!" पोरगी ओरडलीच. "मला लॅबमध्ये जायला बंदी आहे."

"का? काय उचललंस?"

"काही नाही हो. अँप्लिफायर चालत नव्हता. बाकीचे मीटरसाठी रांगेत उभे. मी तुमच्यासारखं केलं. एक हात पाठीशी धरला आणि ओल्या बोटानं चालू बोर्डाला टोचत गेले. बोट टेकलं की स्पीकर भुणभुणतो; जिथं भुणभुणला नाही तिथला पार्ट गेलेला."

"सापडला?"

"अर्ध्या मिनिटात."

रेडिओवाल्याची मान नकळत ताठ झाली. "मग?"

"मग सरांनी मेन स्विच पाडला. पांढरेफटक पडले होते. म्हणाले, 'मरायचंय का? हे कुणी शिकवलं?' मी म्हटलं, कुणी नाही."

बायकोनं तोंडावर पदर धरला. पोरगी आठ वर्षांची असताना त्यानंच तिचं बोट धरून बोर्डावर टेकवलं होतं, आणि ती खिदळली म्हणून गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवलं होतं.

"आता काय?"

"सोमवारी सुरक्षेची परीक्षा. पास झाले तर आत, नाहीतर वर्ष गेलं."

"काय विचारतात?"

"बोर्डाला हात लावण्याआधी काय करायचं?"

"काय करायचं?"

"प्लग काढायचा, बाबा."

"मग भुणभुण कशी ऐकू येणार?"

"बाबा!"

"बरं, बरं. प्लग काढ. निकालाच्या कागदाचा फोटो पाठव."

"अजून विश्वास नाही?"

"कागद बघितल्याशिवाय नाही. आणि तुझ्या सरांना सांग, बापानं शिकवलं म्हणून. हसले तर हसू देत."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"काका, मिक्सर फिरतच नाही," दारात शेजारीण उभी होती.

"आत पाणी गेलं होतं?"

"छे हो!"

"सगळे छेच म्हणतात." त्यानं मिक्सर उलटा केला आणि एकेक स्क्रू काढून डबीच्या झाकणात ठेवायला लागला.