दोन ओळी मोकळ्या, पुढं कुलूप

फुकट पेपर वाचणाऱ्यांना जगात तोटा नाही. पण फुकट वाचून वर संपादकाला शिव्या घालणं हा आपला वडिलोपार्जित हक्क आहे असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि दैवयोगानं तो माझा मामेसासरा निघाला. कर्नाटकातल्या भालकीला त्यांचं गूळ-भुसाराचं दुकान होतं. दोन मुलींची लग्नं त्यांनी गाव जेवू घालून केली. पण पेपर विकत घेणं म्हणजे पाणपोईवर पाण्याचे पैसे देणं, असं त्यांचं ठाम मत. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी उठून सवयीनं पेपर घेऊन आलो, तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी दारूची बाटलीच आणली होती. "जावई, घरात दूध आणावं, भाजी आणावी. पेपर कामून आणलाव? त्याला हॉटेल हाय की!"

हॉटेल म्हणजे बसस्थानकासमोरचं अप्पांचं पत्र्याचं शेड. उदगीरकडून येणाऱ्या सकाळच्या बसनं पेपरचा गठ्ठा यायचा. अप्पा त्यातला एक घेऊन त्याची पानं सुटी करायचे आणि बसलेल्यांत वाटून टाकायचे. चार पानांचा तो कागद. पहिल्या पानावर पुढाऱ्याचा वाढदिवस, दुसऱ्यावर त्याच्या चिरंजिवांचा, चौथ्यावर दोघांना शुभेच्छा देणाऱ्यांचे टोप्या घातलेले फोटो. एखादी बातमी नजरचुकीनं उरलीच तर ती तिसऱ्या पानावर, सीमाभागाच्या वाट्याला. ते तिसरं पान मामांचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर अप्पाच त्याच्यासमोरचा चहा उचलायचे.

मामा मोठ्यानं वाचायचे. बातमी मराठीत, तिचा अर्थ कन्नडात आणि तिच्यावरचं मत उर्दूत. उर्दूतलं मत इथं लिहिण्यासारखं नाही. 'भालकीत पाणीपुरवठा सुरळीत' असं एकदा छापून आलं, तर मामांनी वाचन थांबवून हॉटेलातल्या प्रत्येकाला त्याच्या नळाची खुशाली विचारली आणि शेवटी जाहीर केलं, "सुरळीत निस्तं ह्या पानावर हाय. घागर घेऊन इकडंच या." अप्पांनी स्वतः पेपर वाचणं कधीच सोडून दिलं होतं. मराठी नाही की कन्नड नाही. "अण्णा सांगतेत की," असं मामांकडे बोट करून म्हणायचे आणि दूध ढवळायचे.

मग मामांचे गुडघे गेले आणि पुण्यात कंपनीत असलेल्या मुलानं त्यांना आपल्याकडे नेलं. पुण्याला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नापास केलं. "येका जिन्यात चार घरं आन चार पेपर! मागून घ्यायला जीभ न्हाई का ह्यांना?" पण मुलाच्या कंप्युटरवर आपला तोच कागद दिसतो, आणि तोही फुकट, हे कळल्यावर म्हातारा हरखला. शिवाय तिथं तो बसच्या आधी दिसायचा. मग काय! मामा अप्पांना फोन लावायचे, अप्पा मोबाईल मोठ्या आवाजात करून बिस्किटांच्या बरणीवर ठेवायचे, आणि भालकीतली बातमी पुण्याहून भालकीला वाचली जायची. तोवर मीही भालकीत राहायला आलो होतो; आमच्या गल्लीतली गटार तुंबल्याचं मी अप्पांच्या हॉटेलात पुण्याच्या आवाजात ऐकलं आहे. मामांचं बाकडं मोकळंच असायचं. तिथं कुणी बसत नसे.

हे सुख त्या पेपरच्या मालकाला बघवलं नाही. एके दिवशी प्रत्येक बातमीच्या फक्त दोन ओळी मोकळ्या राहिल्या आणि खाली कुलपाचं चित्र आलं: 'दर्जेदार पत्रकारितेसाठी वर्गणी भरा आणि पुढे वाचा.' दर्जेदार! ज्या कागदानं एका गुरुजींचा निधनवार्तेतला फोटो दुसऱ्या दिवशी 'अभीष्टचिंतन' म्हणून छापला, तो दर्जाचे पैसे मागत होता. पिकात काही नसताना माळ्यावर राखणदार बसवण्यातला हा प्रकार. मी चिडलो होतो, पण मामांपुढे माझी चीड म्हणजे काहीच नाही. मुलगा म्हणाला, कार्डावरून भरून टाकतो. मामा गरजले, "माझ्या पोराच्या घामावर ह्यांनी पुढाऱ्याचे फोटो छापावं? मी मेलो तरी ह्यांच्यात फुकटात छापून येत असंल तरच छापा!"

तरी वाचन थांबलं नाही. मामा मोकळ्या दोन ओळी वाचायचे आणि कुलपाआडची बातमी पदरची सांगायचे. 'साखर कारखान्याच्या सभेत गोंधळ; अध्यक्षांनी...' इथं कुलूप लागलं की मामा अध्यक्षांना खुर्चीखाली घालायचे, तिथून त्यांच्या मेहुण्याकरवी पाय धरून ओढून काढायचे. नंतर बसनं खरा पेपर यायचा, तेव्हा त्यातली खरी बातमी इतकी मिळमिळीत निघायची की लोक पान तसंच परत करायचे. पैसे घेऊन खरं सांगणाऱ्यापेक्षा फुकटात खोटं सांगणारा बरा, यावर अख्ख्या हॉटेलाचं एकमत झालं.

त्या सकाळी ऊसदरासाठी रास्ता रोको होता. बस आली नाही, गठ्ठाही नाही. मामांचा फोन मात्र वेळेवर आला. "ऐका! 'बसस्थानकासमोरील रस्त्याचे रुंदीकरण होणार असून तेथील टपऱ्या व हॉटेले...' फुडं कुलूप." मग मामा सुटले. "हॉटेलं सोन्याच्या पत्र्यानं मढवायची ठरलीत! आन अप्पाच्या हॉटेलात आपला पुतळा बसणार. हातात तिसरं पान!" हॉटेल हसून लोटपोट झालं. सगळ्यांत जास्त अप्पा हसले. त्या दिवशी त्यांनी कुणाकडूनच चहाचे पैसे घेतले नाहीत. मीही फुकटचा चहा प्यालो.

कुलपाच्या आत लिहिलं होतं की शेडं हटवली जाणार आहेत, आणि कुणाची हरकत असल्यास आठवड्याच्या आत लेखी द्यावी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसाचा पेपर आला; आदल्या दिवसाचा हॉटेलात आलाच नाही. जेसीबी दारात उभा राहिला तेव्हा अप्पा हातात गाळणी घेऊन विचारत होते, "ह्ये कवा ठरलं?" पालिकेचे साहेब म्हणाले, पेपरात आलं होतं. शेजारच्या पानवाल्यानं मोबाईलवर वर्गणी भरून बातमी पुरी वाचली होती आणि हरकत दिली होती. त्याला बाजाराच्या मागं कोपऱ्यात जागा मिळाली. अप्पा चिंताकीला मुलीकडं निघून गेले.

मी मामांना फोनवर हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जागा मिळत होती?" खोटं बोलायला हवं होतं; मला जमलं नाही. अप्पांनी मात्र त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. उलट माझ्यापाशी म्हणाले, "अण्णांना सांगा, त्या दिवसासारकं पुन्यांदा कवा हासलो न्हाई." हे मी कळवलं. त्यानं मामा जास्तच खचले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलाला बोलावून वर्षाची वर्गणी भरली. जन्मात पहिल्यांदा पेपर विकत घेतला. आता सकाळी फोन मला येतो. मामा तिसरं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतात. पहिल्या पानावरचे वाढदिवससुद्धा वाचतात. नालायक कागद तो. त्याची इतकी इमानदार सेवा त्याच्या मालकानंही कधी केली नसेल. कन्नड नाही, उर्दू नाही. परवा कारखान्याच्या सभेत पुन्हा गोंधळ झाल्याची बातमी होती. मी मुद्दाम डिवचलं, "मामा, अध्यक्ष खुर्चीखाली गेले असतील न्हाई?"

"तसं लिवलेलं न्हाई, जावई," ते म्हणाले, आणि पुढची ओळ वाचू लागले.